गुलामांची जोडी आणि बदलत जाणारी शक्यता

दिवाळीच्या रात्री कोथरूड किंवा सहकारनगरातल्या एखाद्या सोसायटीत तीन पत्तीचा डाव रंगला असताना ज्याच्या हाती गुलामांची जोडी येते, तो मनातून सुखावतो आणि त्याचे सुखावणे रास्तही असते. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात तयार होतात. त्यांत गुलामांच्या जोडीवर मात करणारे हात, वरच्या तीन जोड्या धरूनही, १३ टक्क्यांच्या आतबाहेरच भरतात. शिवाय जे पत्ते एकदा हाती आले, ते शेवटपर्यंत तेच राहतात. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात तीच जोडी फार वेगळी वागते. तेथे प्रत्येकाला दोनच पत्ते मिळतात आणि मग सर्वांच्या सामाईक वापरासाठी आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक असे पाच पत्ते उघडले जातात. यांतल्या पहिल्या तीन पत्त्यांना फ्लॉप म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्या, लावल्या जातात आणि एकूण सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा हात सर्वांत भारी ठरतो, तो पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या चिप्स, घेतो. हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये मोबाइलवर हा खेळ खेळणारी मुले गुलामांच्या जोडीबद्दल कुरकुर करतात, त्या कुरकुरीत बरेच गणित दडलेले आहे. (पैसे लावून असे खेळ ऑनलाइन खेळवण्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली आणि तसे करताना कौशल्य की नशीब हा जुना वाद बाजूला ठेवला. पुढचा हिशेब त्यामुळे नुसत्या चिप्सवर खेळणाऱ्यांसाठी आणि शक्यतेच्या गणिताची आवड असणाऱ्यांसाठी आहे.)

सुरुवातीच्या दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोडण्या होतात. गुलामांची जोडी त्यांपैकी फक्त सहा प्रकारे बनते, म्हणजे सरासरी २२१ डावांत ती एकदा येते. तिच्याहून भारी सुरुवात तीनच जोड्यांची: राणी, राजा आणि एक्का. एवढ्यावरून ती जवळजवळ अजिंक्य वाटावी, आणि समोर एकच खेळाडू कोणतेही दोन पत्ते घेऊन शेवटपर्यंत बसणार असेल, तर गुलामांची जोडी खरोखरच सुमारे ७७ टक्के वेळा जिंकते. परंतु समोर असे चार जण असतील तर हाच आकडा ४० टक्क्यांवर येतो आणि नऊ जण असतील तर २० टक्क्यांच्याही किंचित खाली जातो. एक्क्यांची जोडीसुद्धा नऊ जणांपुढे जेमतेम ३१ टक्के टिकते. गर्दीत प्रत्येक जोडी झिजते. गुलामांची अधिक झिजते, कारण तिच्यावर तीन मजले आहेत.

हे मजले फ्लॉपवर दिसू लागतात. आपल्या हाती दोन गुलाम असताना उरलेल्या ५० पत्त्यांत राण्या, राजे आणि एक्के मिळून १२ पत्ते असतात. फ्लॉपच्या तीन पत्त्यांत त्यांपैकी किमान एक येण्याची शक्यता ५७ टक्के निघते. राण्यांच्या जोडीसाठी हीच शक्यता ४१ टक्के, राजांसाठी २३ टक्के, तर दश्श्यांच्या जोडीसाठी जवळजवळ ७० टक्के असते. याउलट फ्लॉपवर तिसरा गुलाम येऊन आपला हात भक्कम होण्याची शक्यता १२ टक्क्यांहूनही थोडी कमी, म्हणजे साडेआठ डावांत एकदा. थोडक्यात, निम्म्याहून अधिक वेळा आपल्या जोडीहून वरचे पान टेबलावर उताणे पडलेले असते आणि नवखा खेळाडू ते पाहून गळाठतो.

पण टेबलावर राजा पडणे आणि समोरच्याच्या हाती राजा असणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, आणि माझ्या मते या जोडीबाबतचे बहुतेक गैरसमज त्यांची गल्लत केल्यामुळे होतात. समजा, फ्लॉपवर इस्पिक राजा, बदाम अठ्ठी आणि किल्वर तिर्री आली. आपल्याला न दिसणारे ४७ पत्ते उरले व त्यांत तीन राजे आहेत. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याचे पत्ते कोणतेही असू शकतात असे धरले, तर त्याच्याकडे निदान एक राजा असण्याची शक्यता केवळ साडेबारा टक्के आहे. समोर चार जण असतील तर त्यांच्यापैकी कोणाकडे तरी राजा असण्याची शक्यता ४४ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात हे आकडे थोडे वर सरकतात, कारण माणसे सत्ती-दुर्री फेकून देतात आणि राजा असलेला हात सहसा ठेवतात. फ्लॉपच्या आधीच जोरदार रेझ करून, म्हणजे लावायच्या चिप्स वाढवून, गर्दी पातळ करावी, हा जाणकारांचा सल्ला याच फरकातून आलेला आहे. त्यात शौर्य दाखवण्याचा भाग फारसा नाही.

येथवर आपण समोरच्याचे पत्ते कसेही असू शकतात असे मानले. त्याने चिप्स पुढे सरकवल्या की हे गृहीतक ढासळते. थॉमस बेझ या इंग्लिश पाद्र्याचा जो निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातली कल्पना येथे तंतोतंत लागू पडते: नवी माहिती मिळाली की जुनी शक्यता तिच्या प्रकाशात पुन्हा मांडावी. डाव सुरू होताना समोरच्या एका खेळाडूकडे राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी असण्याची शक्यता दीड टक्का असते. पाच प्रतिस्पर्धी धरले तरी ती सात टक्क्यांच्या आसपासच राहते. आता आपण रेझ केला, त्याने त्यावर री-रेझ केला, आपण पुन्हा वाढवले आणि त्याने सगळ्या चिप्स मध्ये ढकलल्या असे समजू. हा खेळाडू सावध आहे आणि वरच्या तीन जोड्या किंवा एक्का-राजा एवढ्यावरच असे करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिन्ही जोड्या प्रत्येकी सहा प्रकारे, म्हणजे १८ प्रकारे बनतात आणि एक्का-राजा १६ प्रकारे बनतो. एकूण ३४ हातांपैकी १८ हात आपल्याहून वरचढ जोड्यांचे आहेत, म्हणजे दीड टक्क्याची शक्यता चार चालींत ५३ टक्क्यांवर पोहोचली. वरच्या जोडीपुढे आपण साधारण १८-१९ टक्के वेळा जिंकतो, एक्का-राजापुढे ५६ टक्के. दोन्हींची भारित सरासरी काढली तर आपल्या वाट्याला ३६ टक्के येतात.

आता हाच खेळाडू थोडा सैल आहे आणि एक्का-राणी, दश्श्यांची जोडी व नव्व्यांची जोडी घेऊनही सगळ्या चिप्स लावतो असे मानू. त्याच्या संभाव्य हातांची यादी ३४ वरून ६२ वर जाते आणि आपला वाटा बरोबर निम्म्याच्या आसपास येतो. पॉटमध्ये त्याच्या चिप्ससह १५० आहेत आणि आपल्याला १०० घालायच्या आहेत असे धरल्यास कॉल (समोरच्याइतक्या चिप्स घालून डावात राहणे) परवडण्यासाठी २५० पैकी १००, म्हणजे ४० टक्के हवेत. सावध माणसापुढे पत्ते टाकणे योग्य आणि सैल माणसापुढे कॉल करणे योग्य ठरते, जरी दोन्ही वेळा आपल्या हातातले गुलाम तेच असले तरी. घालायच्या चिप्स १०० ऐवजी ७५ असत्या तर लागणारा वाटा ३३ टक्के झाला असता आणि सावध माणसापुढेही कॉलच करावा लागला असता. म्हणूनच ‘गुलामांची जोडी कशी खेळावी?’ या प्रश्नाला एका वाक्याचे उत्तर मागणाऱ्याला पुणेरी पद्धतीने प्रतिप्रश्नच करावा लागतो: कोणापुढे, आणि किती चिप्समध्ये?

ऑनलाइन खेळात डाव भराभर होतात, त्यामुळे ही जोडी वारंवार येते आणि वारंवार हरतेही. मग ‘साइट पत्ते लावून वाटते’ असा संशय बळावतो. एक्का-राजापुढे ५६ टक्क्यांची बाजू असतानाही सलग पाच वेळा हरण्याची शक्यता दीड टक्क्याहून थोडी अधिक आहे. शेकडो खेळाडूंच्या खोलीत हे कोणा ना कोणावर रोज ओढवणारच, आणि बोलतो तो हरलेलाच. संशय नेहमीच निराधार असतो असे मात्र नाही. ५२ पत्त्यांचे क्रम सुमारे ८ वर ६७ शून्ये इतके असतात, परंतु १९९९ मध्ये संगणक-सुरक्षेच्या एका अमेरिकी गटाने दाखवून दिले की तेव्हाच्या एका पोकर-प्रणालीत पत्ते पिसण्याचे बीज (ज्या आकड्यापासून संगणक पत्त्यांचा क्रम तयार करतो तो) ३२ बिटांचे, म्हणजे फार तर ४२९ कोटी क्रम देणारे होते. आणि ते घड्याळावरून ठरत असल्याने सर्व्हरची वेळ जुळवली की दोनेक लाख शक्यताच उरत. स्वतःचे दोन आणि फ्लॉपचे तीन पत्ते पाहून संपूर्ण डाव ओळखता येत असे. तो दोष पिसण्यातला होता, गुलामांवर कोणाचा राग नव्हता.

संगणक स्वतः ही जोडी कशी खेळतो, हे पाहणे अधिक रंजक आहे. आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दोन खेळाडूंचा, ठरावीक रकमेच्या बोलीचा होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले आणि २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ व फेसबुक यांच्या ‘प्लुरिबस’ या संगणक-कार्यक्रमाने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवले. असे कार्यक्रम स्वतःशीच अगणित डाव खेळतात, प्रत्येक वळणावर दुसरी चाल केली असती तर किती अधिक मिळाले असते याची नोंद ठेवतात आणि ज्या चालीची उणीव अधिक भासली तिचे प्रमाण हळूहळू वाढवतात. यातून एकच ठाम चाल बाहेर येते असे नाही. मधल्या ताकदीच्या हातांसाठी तर अनेकदा मिश्रण निघते: त्याच परिस्थितीत काही वेळा री-रेझ, काही वेळा नुसता कॉल. याचे कारण समोरचाही हिशेब करतो. आपण गुलामांवर दरवेळी री-रेझ केला आणि राण्यांपासून वर फक्त आणखी जोर लावला, तर आपल्या नुसत्या कॉलमधून वरच्या सगळ्या जोड्या त्याने धरलेल्या आपल्या संभाव्य हातांच्या यादीतून वजा होतात, आणि एक्का-राजा घेऊन बसलेल्या माणसाला पुढच्या पत्त्यावर किती चिप्स लावायच्या हे आपणच सांगून टाकलेले असते.