तोंडातून ठिबकणारा नळ आणि मानेतून पाझरणारा नळ

इंदूरमध्ये कुणाच्याही स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला की एकच सल्ला मिळतो: "वॉशर गेला असेल, बदलून टाका." रामबागेतल्या जुन्या वाड्यात तेच आणि राजेंद्रनगरातल्या नव्या मल्टीतही, म्हणजे बहुमजली इमारतीतही, तेच. मग वॉशर बदलला जातो, गळती तशीच राहते आणि शेवटी नळच टाकाऊ ठरवून सियागंज बाजारातून नवा आणला जातो. दोष वॉशरचा नव्हताच, हे बघायला कुणी थांबत नाही.

ठिबकणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. नळ बंद केला तरी तोंडातून टप टप चालू राहतं, म्हणजे आतला वॉशर, पाणी अडवणारी रबरी चकती, झिजलाय. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी गेलं. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वाहून, घाट चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी आहे ते. यावर आणखी सांगायला नको.

घोळ होतो तो दुसऱ्या गळतीपाशी. मूठ ज्या दांड्यावर बसते, तो दांडा नळाच्या अंगातून जिथून वर येतो ती नळाची मान. तिथे एक छोटा नट असतो, ग्लँड नट, आणि त्याच्या खाली दांड्याभोवती गुंडाळलेली डोरी, म्हणजे फट बुजवणारा दोरा. ही डोरी वाळली, कडक झाली की पाणी दांड्याच्या कडेने वर चढतं आणि मुठीखालून बाहेर येतं. वॉशरचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

का नाही, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा कधी गफलत होणार नाही. चार-पाच वेळा फिरवून उघडायच्या जुन्या नळात आत एक पितळी बैठक असते. नळ बंद केला की वॉशर त्या बैठकीवर दाबला जातो आणि पाणी तिथेच, खालीच अडतं. वरच्या भागात दाब उरत नाही. त्यामुळे मान कितीही खराब झालेली असली तरी बंद नळाची मान गळत राहू शकत नाही. नळ उघडला की मात्र सगळ्या अंगात पाणी दाबाने भरतं आणि कमजोर डोरीतून वाट काढतं. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: गळती नळ बंद असताना होते की चालू असताना? बंद असताना होत असेल तर वॉशर किंवा बैठक. फक्त चालू असताना होत असेल तर मान.

तरीही चांगले चांगले फसतात, कारण मानेतून आलेलं पाणी मानेपाशी थांबत नाही. ते नळाच्या अंगावरून ओघळत तोंडाच्या टोकाशी येतं आणि तिथून टपकतं. भांडी घासून नळ बंद केल्यावरही ओघळ काही वेळ टपकत राहतो. बघणारा म्हणतो, तोंडातून गळतंय, वॉशरच! तेव्हा आधी फडक्याने नळ खडखडीत कोरडा करा. मग बंद ठेवून पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात तोंडातून ठिबकलं तर वॉशर किंवा बैठक. त्यानंतर उघडून मुठीखाली कोरडं बोट फिरवा; ते ओलं झालं तर मान. आपल्याकडे बोरिंगचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असल्यामुळे आणखी एक खूण मिळते: दांड्याभोवती पांढरा थर साचलेला दिसला तर मान बऱ्याच दिवसांपासून पाझरते आहे.

दुरुस्तीही अगदी वेगळी. मानेसाठी बहुतेकदा काही बदलावंच लागत नाही. मूठ काढून ग्लँड नट पान्याने किंचित, पाव फेऱ्याइतका आवळा. गळती थांबली आणि मूठ सहज फिरतेय, तर काम झालं. मूठ जड झाली तर नट थोडा सैल करा. आवळूनही थांबत नसेल तर नट उघडून जुनी डोरी टोकरून काढा आणि नवी डोरी नट आवळण्याच्याच दिशेने गुंडाळा. यासाठी घरातलं पाणी बंद करावं लागत नाही. वॉशर शाबूत असेल तर नळ घट्ट बंद केला की पुरे, पाणी बैठकीपाशी अडलेलंच असतं.

वॉशरसाठी मात्र टाकीचा व्हॉल्व्ह किंवा अँगल कॉक, म्हणजे नळाखालची पाणी बंद करायची छोटी तोटी, बंद करावाच लागतो. सिंकच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर स्क्रू मोरीत जातो. वरचा भाग उघडताना आणि परत बसवताना नळ थोडा उघडा ठेवा, म्हणजे वॉशर बैठकीवर चिरडत नाही. आत बोट घालून बैठकीची कड चाचपा. खाच लागली तर नवा वॉशरही लवकरच फाटेल; प्लंबरकडून सीट कटरने बैठक घासून घ्या.

आणि ठिबकणारा नळ जोर लावून बंद करायची सवय सोडा! घराघरात पाहुण्यांना बजावलं जातं, "जरा जोरात फिरवा, मग बंद होतो." त्या जोरानेच वॉशर कापला जातो आणि पुढे बैठक खराब होते. पाच-दहा रुपयांच्या रबरासाठी नळ मारू नका.

टेफ्लॉन टेप, म्हणजे प्लंबरची पांढरी पातळ पट्टी, हीसुद्धा नको तिथे वापरली जाते. नळ भिंतीत जिथे आट्यांनी बसतो तिथे ती हवीच. वॉशरभोवती ती गुंडाळणं चूक आहे. मानेत तिची वळून केलेली दोरी तात्पुरती चालते, पण मी तरी डोरीच घालीन.

सिंक कॉकची, म्हणजे सिंकवरच्या नळाची, फिरती चोच बुडाशी गळत असेल तर तिथली रबरी रिंग बदला. तीही नळ चालू असतानाच गळते.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वॉशर आणि डोरी दोन्ही नसतात. तिथे चिनी मातीसारख्या कडक सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. पाण्यातली रेती त्यांना ओरखडे पाडते आणि तोंडातून ठिबकायला लागतं. त्यातला वॉशर शोधत बसू नका, आतलं कार्ट्रिज, म्हणजे या चकत्या असलेला भाग, अख्खं बदलायचं असतं. ते घ्यायला जाताना जुनं सोबत न्या. लांबी, मुठीकडचे दाते आणि बंद होण्याची दिशा, तिन्ही जुळायला हवं. दिशा उलटी आली तर मूठ उलट्या बाजूने बंद होईल.