एंडोमेट्रिओसिसच्या शस्त्रक्रियेनंतर अंगावरून जाणे आणि दुखणे थांबत नसेल तर

एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजारासाठी) दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून लातूर, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरहून घरी परतलेल्या अनेक भगिनी आमच्या औषध दुकानात रक्तस्राव थांबवणारी किंवा दुखणे कमी करणारी गोळी मागतात. इतर ग्राहकांसमोर हा विषय मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून हे पत्रक आम्ही औषधांच्या पिशवीत ठेवत आहोत.

शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन आठवडे थोडे अंगावरून जाणे किंवा तपकिरी डाग लागणे अपेक्षित असते. गर्भपिशवीही काढली असल्यास आतले टाके विरघळताना डाग पुन्हा दिसू शकतात आणि हलका स्राव ४ ते ६ आठवडे राहू शकतो. डॉक्टर परवानगी देईपर्यंत केवळ पॅड वापरावेत. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या वायूमुळे पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो, त्याची काळजी करू नये. गर्भपिशवी काढली नसल्यास शस्त्रक्रियेनंतरची पहिली एक-दोन पाळी नेहमीपेक्षा जड जाऊ शकते.

महिना-दोन महिने उलटूनही डाग लागत राहतात, तेव्हा पुष्कळदा त्याचे कारण जखमेत नसून सुरू असलेल्या संप्रेरकाच्या गोळीत असते. डायनोजेस्ट २ मिलिग्रॅमसारखी गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने अनियमित डाग लागणे सामान्य आहे. मात्र त्याला घाबरून गोळी मध्येच बंद केली किंवा कधी घेतली, कधी विसरली, तर रक्तस्राव वाढतो आणि आजार परतण्याचा धोकाही वाढतो. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी आणि बदल हवा असल्यास तो डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. पाळी पुढे ढकलण्याची गोळी मनाने घेऊ नये. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारे औषध पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या स्त्रीला घातक ठरू शकते, म्हणून ते आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, याचा कृपया राग मानू नये.

वेदनाशामक गोळी दुखणे असह्य होईपर्यंत न थांबता पहिले काही दिवस सांगितलेल्या वेळीच घ्यावी. बाजारातील अनेक जोडगोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते; त्यावर तापाची गोळी घेतली की तेच औषध दुप्पट पोटात जाते आणि यकृताला इजा होऊ शकते, म्हणून घरातील सर्व पाकिटे एकदा आम्हाला दाखवावीत. ट्रॅमाडॉल या तीव्र वेदनाशामकाने बद्धकोष्ठता होऊ शकते आणि कुंथल्याने ओटीपोट अधिक दुखते, तेव्हा भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावे. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून, टाक्यांपासून दूर ठेवावी. पाण्याची भरलेली घागर किंवा उसाची मोळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत उचलू नये. हे घरच्यांनी आणि मुकादमांनीही समजून घेतले पाहिजे.

शस्त्रक्रिया होऊनही काही महिन्यांनी दुखणे उरते, तेव्हा ‘आता काय दुखतंय हिला’ असे घरात म्हटले जाते. हे बोलणे अन्यायाचे आहे. वर्षानुवर्षांच्या वेदनेने मज्जातंतू अतिसंवेदनशील झालेले असतात, ओटीपोटाचे स्नायू आखडलेले असतात, किंवा ॲडेनोमायोसिस (गर्भपिशवीच्या भिंतीतच असे अस्तर वाढण्याचा आजार) तसाच राहिलेला असतो. यांवर उपचार आहेत, फिजिओथेरपीचाही उपयोग होतो. दुखणे अंगावर काढू नये आणि आमच्याकडून केवळ गोळ्या वाढवून घेऊ नयेत. दीर्घकाळ रक्त जात असल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाची गोळी चहासोबत घेतल्यास ती नीट अंगी लागत नाही.

सलग दोन तास दर तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, स्रावाला दुर्गंधी असेल, दुखणे उतरण्याऐवजी चढत असेल, पोट फुगून उलट्या होत असतील किंवा लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पोटरी सुजून दम लागत असेल किंवा चक्कर येऊन भान हरपत असेल, तर एसटीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जाताना डिस्चार्ज कार्ड व सुरू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात.