लेकराचं ऑपरेशन मोफत व्हायचं तर कागद कुठे अडतो?

लेकराच्या हृदयाला छिद्र आहे, टाळू फाटलेला आहे असं कळलं की आपल्याकडे पहिला विचार येतो तो थेट नागपूर गाठायचा. जीव धोक्यात नसेल तर जरा थांबा. मोफत उपचाराची वाट अंगणवाडीतून निघते, आणि ती बहुतेक वेळा अडते राशन कार्डावर.

२०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शासकीय व अनुदानित शाळेत एकदा. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. तुम्ही तेव्हा वीटभट्टीवर किंवा कापूस वेचायला बाहेरगावी होतात आणि तपासणी हुकली, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. हे पथक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात बसतं, आशाताईंना विचारून तिथेच लेकरू दाखवा. शंका असेल तर पथक चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवतं. हृदयाचा त्रास असलेल्या मुलांची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मोफत होते. शस्त्रक्रिया लागलीच, तर ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात.

या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा ही कार्डं आधीपासून चालतात. १ जुलै २०२४ पासून पांढरंही चालतं. म्हणजे पात्रतेत फारसं कोणी बाद होत नाही. सोबत लागतं ते आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधीचे सगळे रिपोर्ट. झेरॉक्ससोबत मूळ कागदही न्या.

खरी गोची असते लेकराच्या नावाची. मूल तीन वर्षांचं झालं तरी राशन कार्डात नाव नाही, अशी घरं गावागावात सापडतील. बाळ अगदी लहान असेल तर आईवडिलांचं कार्ड आणि जन्म दाखला घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, भेटा, पण मोठ्या लेकरासाठी नाव चढवूनच घ्या. तहसीलच्या पुरवठा शाखेत नमुना ८ भरायचा, जन्म दाखला आणि आधार जोडायचं. आता जन्म दाखला मिळतो जिथे बाळंतपण झालं तिथे. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यामुळे यवतमाळच्या सासरी राहणाऱ्या बाईला दाखल्यासाठी गोंदियाला जावं लागू शकतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाळंतपणानंतर दवाखान्यातून सुट्टी होतानाच दाखल्याचं विचारलेलं केव्हाही परवडतं. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार निळ्या रंगाचं असतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत.

रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा, केसपेपर मागाहून. योजनेत नाव नोंदवणं आणि मंजुरी मागवणं त्याच्यामार्फत चालतं. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. ही योजना भरती झालेल्यांसाठी आहे, बाहेरून दाखवून परत येणाऱ्यांसाठी नाही. तसं जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. नागपूरचं मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथे तो नियम धरून जाऊ नका.

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर यातलं बरंचसं बाजूला ठेवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात आजारी बाळाची औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. गाडीसाठी १०२ लावा, जीवावर बेतलं असेल तर १०८.

यादीतल्या रुग्णालयाने मंजूर उपचारासाठी आगाऊ रक्कम मागितली तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. घरी येऊन केलेल्या तक्रारीपेक्षा लेकरू भरती असताना केलेला फोन लवकर लागू पडतो.