१९७१ : युद्ध एक, पुस्तकं तीन

१९७१चं युद्ध सुरू कधी झालं? भारतात शिकलेला माणूस ३ डिसेंबर सांगेल. त्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या हवाई तळांवर बॉम्ब टाकले आणि १६ डिसेंबरला ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. तेरा दिवसांत विजय, सुमारे ९३ हजार युद्धकैदी. बांगलादेशातली मुलं मात्र २५ मार्चच्या रात्रीपासून, ‘ऑपरेशन सर्चलाइट’ या पाकिस्तानी लष्कराच्या कारवाईपासून, नऊ महिन्यांचा मुक्तिसंग्राम शिकतात. तिथे भारत हा मदतीला आलेला मित्र. लढले ते मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेचे लोक.

पाकिस्तानी मुलांसाठी हाच धडा ‘सुकूत-ए-ढाका’, म्हणजे ढाक्याच्या पाडावाचा. १९७०च्या निवडणुकीत शेख मुजीब यांच्या अवामी लीग पक्षाने पूर्व पाकिस्तानातल्या १६२पैकी १६० जागा जिंकून देशात बहुमत मिळवलं, तरी लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी संसदेचं अधिवेशन पुढे ढकललं. खरी ठिणगी इथे पडली. पण पाठ्यपुस्तकं हा भाग भराभर उरकतात. खापर फुटतं ते भारताच्या कारस्थानावर आणि पूर्वेकडच्या शाळा-कॉलेजांतल्या हिंदू शिक्षकांवर. मुलांच्या पुस्तकांचं सोडा, पराभवाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगाचा अहवालसुद्धा २००० सालापर्यंत कुलपात होता. मृतांचा आकडा बांगलादेश ३० लाख सांगतो. त्या अहवालात तो २६ हजार आहे.

बांगलादेशाचं भांडण मात्र घरातलंच. स्वातंत्र्याची घोषणा केली कोणी? शेख मुजीब यांनी अटकेआधी, की चितगावजवळच्या काळूरघाट रेडिओ केंद्रावरून बोललेल्या मेजर झिया-उर-रहमान यांनी? एकाची मुलगी शेख हसीना अवामी लीगची नेता, दुसऱ्याची पत्नी खालिदा झिया बीएनपी (बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी) या विरोधी पक्षाची नेता होती. त्यामुळे १९९६, २००१, २००९ असं जेव्हा जेव्हा सरकार बदललं, तेव्हा तेव्हा हे पानही बदललं. २००९मध्ये उच्च न्यायालयाने मुजीब यांच्या बाजूने निकाल दिला. इतिहासाचा वाद कोर्टात निकाली निघेल, ही आशा तशी भाबडीच. ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेली आणि २०२५च्या पुस्तकांत नवा मजकूर आला: २६ मार्चला झियांनी घोषणा केली आणि २७ मार्चला बंगबंधूंच्या, म्हणजे मुजीब यांच्या वतीने पुन्हा केली.