हेवी म्हणजे नक्की किती हेवी?

कुठलाही इंग्रजी पेपर घ्या आणि फक्त 'हेवी' शब्दाभोवती पेनाने गोल काढत बसा. हेवी रेन, हेवी ट्रॅफिक, कुठल्यातरी सीमेवर हेवी फायटिंग, कोर्टाने ठोकलेला हेवी फाइन, स्पोर्ट्सच्या पानावर हेवी डिफीट. यातलं एकही वजनकाट्यावर ठेवता येत नाही! (अपवाद हेवी वॉटर, म्हणजे अणुभट्ट्यांत वापरतात ते जड पाणी, अलिबागजवळ थळला बनतं ते, ते खरंच जड असतं, लिटरला साधारण 1.1 किलो भरतं.)

हीच बातमी मराठीत करायला बसलेल्या सब-एडिटरला मात्र दर वेळी नवा शब्द शोधावा लागतो, पाऊस मुसळधार, लढाई घनघोर, दंड जबर, पराभव दारुण, आणि ट्रॅफिकला विशेषणच मिळेना म्हणून सरळ 'वाहतूक कोंडी' लिहून मोकळा. 'भारी पाऊस' लिहिलं तर हिंदी वाटतं, 'भारी पराभव' लिहिलं तर हरणाऱ्यांचं कौतुक केल्यासारखं, कारण आपल्याकडे भारी म्हणजे एक नंबर.

याला भाषाशास्त्रात कोलोकेशन म्हणतात, म्हणजे शब्दांची ठरलेली संगत. लंडनचे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ 1957 मध्ये सांगून गेले की शब्द कळायचा तर तो कोणाबरोबर फिरतो ते बघा. इंग्रजीत पाऊस हेवी पण वारा स्ट्राँग, का ते व्याकरणात सापडत नाही, नुसती सवय. नंतर बर्मिंगहॅमला जॉन सिंक्लेअर यांच्या टीमने पुस्तकं, पेपर असा ढीगभर मजकूर कॉम्प्युटरमध्ये भरला, एक शब्द मधोमध ठेवून त्याच्या आजूबाजूचे शब्द ओळीखाली ओळ लावून वाचले आणि त्यावरून 1987 मध्ये अख्खी डिक्शनरी काढली.

घरी करायची सोपी टेस्ट म्हणजे विरुद्धार्थी शब्द शोधायचा. हेवी रेनच्या उलट लाइट, हेवी डिफीटच्या उलट नॅरो, हेवी फाइनच्या उलट स्मॉल. उलटे शब्द तीन निघाले म्हणजे सुलटाही आतून एक नव्हताच की.

आता गंमत हवामान खात्याची. त्यांच्याकडे हेवीला आकडा आहे, 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे हेवी, 204.4 पर्यंत व्हेरी हेवी, त्याच्या वर एक्स्ट्रीमली हेवी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला आणि कुलाब्याला सुमारे 74. म्हणजे खात्याच्या हिशोबात कुलाब्याचाही पाऊस हेवीच, पण ती बातमी कोण छापणार? रिपोर्टरचा हेवी रेन बऱ्याचदा गुडघाभर पाण्यावरून ठरतो, पर्जन्यमापकावरून नाही.

मराठीत तसा आकडेवाला शब्द म्हणजे 'अतिवृष्टी', महसूल मंडळात (म्हणजे सरकारी हिशोबातल्या काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिमीच्या वर. 62 झाला तर पेपरात 'मुसळधार' छापून येईल, सरकारी कागदावर अतिवृष्टी नाही.