'बंधूंनो' ते 'बंधुभगिनींनो': कॅथलिक उपासनेतल्या एका भाषावादाची पार्श्वभूमी

उपासनेत स्त्रियांना कोणत्या शब्दाने साद घालायची आणि देवाला कोणत्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'समावेशक भाषा' या एकाच नावाखाली त्यांची मोट बांधली गेली आणि गुंता तिथेच झाला.

लॅटिनमध्ये माणसाला 'होमो' म्हणतात, पुरुषाला 'विर'. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२-६५च्या जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, उपासना लॅटिनमधून लोकभाषांत आली तेव्हा इंग्रजीत दोन्हींचे 'मॅन' झाले. ख्रिस्त माणसांसाठी आला, असे मूळ श्रद्धाघोषणा सांगते. इंग्रजी मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीत, मात्र बायका दर रविवारी 'फॉर अस मेन' म्हणत राहिल्या.

१९९० साली अमेरिकी बिशपांनी समावेशक अनुवादाचे निकष ठरवले आणि पुढच्या वर्षी त्यांना धरून असलेला बायबलचा नवा इंग्रजी अनुवाद वाचनांसाठी स्वीकारला. रोमने आधी मान्यता दिली आणि १९९४ मध्ये ती काढून घेतली. अशा शब्दांनी सिद्धान्ताला धक्का बसतो, हा आक्षेप पोकळ नव्हता. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रातल्या 'धन्य तो पुरुष' या ओळीत प्राचीन ख्रिस्ती आचार्यांना ख्रिस्त दिसला होता. तिचे अनेकवचन केले की तो अर्थ निसटतो. पण अशी स्थळे मोजकी होती. त्यांच्यापायी सगळा अनुवादच बाजूला सारला, हे मला अजूनही पटत नाही. प्रेषित पौलाच्या पत्रातल्या 'बंधूंनो'चे 'बंधुभगिनींनो' केल्याने कोणता सिद्धान्त ढळणार होता?

वर्षही विचित्र होते. वेदीसेवेत, म्हणजे मिस्सेत धर्मगुरूला मदत करायला, मुली चालतील, हे रोमने १९९४ मध्येच कळवले आणि स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा, म्हणजे धर्मगुरू करण्याचा, ख्रिस्तसभेला (चर्चला) अधिकारच नाही, हे पोपचे पत्रही त्याच वर्षीच्या मे महिन्यातले. त्यामुळे भाषेची साधी मागणीही दीक्षेच्या मागणीची पहिली पायरी समजली जाऊ लागली.

देवाच्या स्त्रीरूपाचा प्रश्न त्याहून जुना. आई आपल्या तान्ह्याला विसरेल का, ती विसरली तरी मी विसरणार नाही, असे बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात देवच म्हणतो. येशूने स्वतःला पिल्ले पंखाखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली. १९७८ मध्ये अवघे ३३ दिवस पदावर राहिलेले पोप म्हणाले होते की देव पिता आहे, त्याहूनही अधिक माता आहे. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथानेही मातृत्वाची प्रतिमा मान्य केली. उपमेपर्यंत आई चालते, आवाहनाला चालत नाही, अशी ही रेघ आहे. शिवाय ती उपमाही रविवारी क्वचितच कानी पडते: वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या 'अ' वर्षात यशयाचा तो उतारा ज्या रविवारी वाचायचा, तो सामान्यकाळाचा (मोठ्या सणांच्या काळांबाहेरचा) आठवा रविवार २०२० आणि २०२३ मध्ये आलाच नाही.

२००१च्या रोमच्या अनुवादविषयक सूचनेने ही रेघ ठळक केली: देवाविषयी बोलताना त्या त्या भाषेत रूढ असलेले लिंगच ठेवावे. २००८ मध्ये 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' यांऐवजी 'निर्माता, तारणारा, पवित्र करणारा' या नावाने दिलेला बाप्तिस्मा अवैध ठरला. तो निर्णय मला समजतो. त्या शब्दांत कामे आहेत, व्यक्ती नाहीत.

मराठीत पहिला पेच मुळात कमी, कारण आपल्याकडे माणूस आणि पुरुष हे शब्द वेगळे आहेत. दुसरा पेच मात्र क्रियापदातच बसलेला. इंग्रजी प्रार्थनेत 'तू देतोस' आणि 'तू देतेस' यांत फरक नाही. आपल्याला तोंड उघडताक्षणी निवड करावी लागते. विठोबाला माउली म्हणणारी भाषाही त्याच्यासाठी क्रियापद बहुधा पुल्लिंगीच ठेवते.

२०१७ मध्ये अनुवादांची बरीच जबाबदारी स्थानिक बिशप परिषदांकडे परत आली. भारतातल्या इंग्रजी मिस्सेसाठी २०२० मध्ये लागू झालेली वाचने ज्या अनुवादावर बेतली आहेत, त्याच्या मजकुरात 'ब्रदर्स' आहे आणि भगिनी तळटीपेत. पुढच्याच जानेवारीत मिस्सेत ही वाचने वाचणाऱ्या वाचकाचे अधिकृत सेवापद स्त्रियांना खुले झाले.