थेटरात फोन टॅप करून पैसे भरायचेत? मग बँकेतली ही कामं आधी उरका

शनिवारी संध्याकाळी उंटवाडीच्या सिटी सेंटर मॉलला नाहीतर नाशिक रोडला तिकिटाच्या लाईनीत जरा उभं राहून बघा, एक तरी जण दिसतोच जो फोन मशीनवर घासतोय, मशीन ढिम्म, मागचे लोक चुळबुळ करतायत आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतोय, "सर क्यूआर मारा ना." मग क्यूआर पण फिरत बसतो आणि शेवटी कुणाच्या तरी पर्समधून पाचशेची नोट निघते. सगळे शिव्या घालतात थेटरच्या मशीनला, पण बहुतेक वेळा गडबड बँकेच्या रजिस्ट्रेशनमध्ये असते आणि ती काउंटरवर उभं राहून सुटत नाही, म्हणून आधी पात्रता आणि कागदपत्रं नीट बघून घ्या.

फोनवरून पैसे द्यायच्या मुख्य पद्धती दोन. क्यूआर स्कॅन करून यूपीआय, हे कुठल्याही स्मार्टफोनवर चालतं. दुसरी टॅप, म्हणजे कार्ड फोनमध्ये ॲड करून फोन मशीनला लावायचा, आणि याला फोनमध्ये एनएफसी लागतं, म्हणजे जवळ धरल्यावर मशीनशी बोलणारी चिप. सेटिंग्जमध्ये जाऊन वर सर्चमध्ये एनएफसी टाका, आलं तर आहे, नाही आलं तर नाहीये, विषय संपला, कुठलंही ॲप टाकून ते येत नाही. फाइव्ह-जी फोन आहे म्हणजे एनएफसी असेलच असंही नाही, स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये नसतं. आयफोनवाल्यांनी टॅपच्या नादी न लागता सरळ क्यूआर मारावा.

आता टॅपवाल्यांची पहिली अडचण. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, जानेवारी 2020 चा, लागू झाला 1 ऑक्टोबर 2020 पासून, की नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस (म्हणजे मशीनमध्ये न घालता नुसतं टेकवून) हे तिन्ही बंद असतात, तुम्ही स्वतः चालू करेपर्यंत. कार्डावर त्या लाटांची खूण छापलेली असते म्हणून लोकांना वाटतं की चालूच आहे. ती खूण म्हणजे कार्डात सोय आहे, परवानगी बँकेच्या ॲपमध्ये द्यायची असते. कार्डच्या सेटिंगमध्ये जा, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करा, कारण एक बंद असलं तरी कुठेतरी अडकतंच, आणि खाली लिमिटचा रकाना असेल तर तोही भरा. बटण हिरवं आणि लिमिट शून्य, असे महाभाग पुष्कळ आहेत.

लिमिटवरून आठवलं, पिन न टाकता 5,000 रुपयांपर्यंत टॅप होतं, 1 जानेवारी 2021 पासून, आधी ते 2,000 होतं. हे एका व्यवहाराचं आहे, दिवसाचं नाही. दिवसाची मर्यादा बँक वेगळी ठेवते आणि ती तुम्हीच मागे कधीतरी कमी करून विसरलेले असता.

अजून एक गोंधळ गूगलच्या दोन ॲपचा. गूगल वॉलेट भारतात मे 2024 मध्ये आलं ते तिकिटं, बोर्डिंग पास, गिफ्ट कार्ड असलं काही ठेवायला. टॅपसाठीचं कार्ड गूगल पे मध्ये ॲड करायचं, सॅमसंगवाल्यांनी सॅमसंग वॉलेटमध्ये. दोन्ही टाकली असतील तर फोनच्या कॉन्टॅक्टलेस सेटिंगमध्ये डीफॉल्ट ॲप कुठलं ते बघा, मशीन नको त्या ॲपला विचारत बसतं आणि आपण मशीन बदलून मागतो. प्रत्येक बँकेचं प्रत्येक कार्ड ॲड होतंच असंही नाही. सहकारी बँकेचं कार्ड असेल तर हे घरी तपासा, सिनेमा सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी नको.

आता खरा घोळ, म्हणजे जो कागद कुणाकडेच नसतो. तो कागदही नाही म्हणा, बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर. तो नंबर चालू पाहिजे आणि त्याचं सिम त्याच फोनमध्ये पाहिजे ज्यात यूपीआय सुरू करायचंय. आपल्याकडे काय होतं, खातं काढलं तेव्हा वडिलांचा नंबर दिलेला, किंवा जुनं सिम रिचार्ज न करता बंद पडलं. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते आणि 1 एप्रिल 2025 पासून असे नंबर यूपीआयमधून काढायचा नियमही आलाय, त्यामुळे काल चालत होतं ते आज बंद होऊ शकतं.

नंबर बदलायला गेलात की गंमत. ऑनलाइन बदलायला जुन्या नंबरवर ओटीपी येतो. अहो तो नंबर असता तर बदलायला कशाला आलो असतो? मग शाखेत जा, फॉर्म भरा, आधार, पॅन, पासबुक आणि त्यांच्या झेरॉक्स न्या, ओरिजिनलही न्या. अर्ज परत येतो तो सहीवरून. खातं काढताना जी सही केली होती तीच चालते आणि पंधरा वर्षांत सही बदललेली असते. वयस्कर माणसांचे तर यात फारच हाल होतात, हात थरथरतो, दोन सह्या एकसारख्या येत नाहीत, काउंटरवरून "काका, जुळत नाहीये" ऐकून परत फिरतात. परत फिरू नका, नवीन सहीची नोंद करायचा फॉर्म तिथेच मागा आणि दोन्ही अर्ज एकदम द्या. कुणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

ज्यांचं खातं फक्त पतसंस्थेत आहे त्यांनी यूपीआयसाठी धडपडू नये, पतसंस्था म्हणजे बँक नाही, ॲपच्या यादीत तिचं नाव येणारच नाही. बँकेत बचत खातं काढावंच लागेल.

नंबर बरोबर असूनही व्हेरिफिकेशन फेल झालं तर एसएमएस बघा. ॲप तुमच्या फोनमधून एक एसएमएस पाठवतं आणि नुसता डेटाचा पॅक असेल तर तो जातच नाही. दोन सिम असतील तर बँकेचा नंबर असलेलं सिम निवडा. पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरी लागते, कार्ड नसेल तर आधार ओटीपीने होतं, पण आधारला आणि बँकेला एकच नंबर जोडलेला पाहिजे.

आणि हे आदल्या आठवड्यात करा. नवीन यूपीआय सुरू केल्यावर पहिले 24 तास एकूण 5,000 रुपयांचीच मर्यादा असते. हे लोक "एका वेळी 5,000" असं वाचतात. आठ-दहा जणांचं खटलं, तिकिटं, वर समोसे आणि पॉपकॉर्न, कोल्ड्रिंक घेताना फोन नाही म्हणतो.

काउंटरवर विशेष काही नाही. फोन अनलॉक करा, मशीनवर रक्कम दिसेपर्यंत थांबा, मगच फोनची पाठ, कॅमेऱ्याजवळचा भाग, मशीनला टेकवून सेकंद दोन सेकंद धरा, घासू नका. मागे लोखंडी रिंगवालं कव्हर असेल तर काढा.

बेसमेंटच्या पार्किंगमध्ये नेटवर्क मरतं म्हणून यूपीआय लाइट (ॲपमधलंच छोट्या रकमांचं पाकीट) घ्या असं कुणी सांगितलं तर अर्धवट सांगितलंय. लाइटला पिन लागत नाही, एका वेळी 1,000 रुपये जातात, शिल्लक 5,000 पर्यंत ठेवता येते, पण नेट लागतंच. पार्किंगमधून वर या आणि मग द्या.

घरातल्या पोरांना किंवा आजीला वेगळं खातं नसेल तर यूपीआय सर्कल आहे, ऑगस्ट 2024 मध्ये आलं. आपल्या खात्यातून त्यांना पैसे देऊ देता येतात, महिन्याला जास्तीत जास्त 15,000 आणि एका वेळी 5,000, किंवा मग दर वेळी तुम्ही मंजुरी द्यायची असं ठेवा. पोरांसाठी हे मंजुरीवालंच बरं.

काउंटरवर यूपीआयने दिले म्हणून वर दोन-चार रुपये मागितले तर देऊ नका, यूपीआयवर दुकानदाराला चार्ज लागत नाही, 2020 पासून. ऑनलाइन बुकिंगची कन्व्हिनियन्स फी ही वेगळी गोष्ट. ती घेऊ नये असे राज्य सरकारचे आदेश होते ते मुंबई हायकोर्टाने जुलै 2025 मध्ये रद्द केले, त्यामुळे ती वाचवायची तर खिडकीवरच जावं लागतं.

खात्यातून पैसे गेले आणि काउंटरवर आलेच नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा देऊ नका, आधी बँकेचा मेसेज बघा, यूपीआयचा 12 आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून घ्या आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावरच तक्रार टाका. दुकानाच्या यूपीआय व्यवहारात व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत पैसे आपोआप परत यायला पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती न मागता मिळायला पाहिजे. बँका ती विसरतात, तुम्ही विसरू नका. लोक हे 5 दिवस आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्याचे, 30 दिवस एकत्र करतात. 30 दिवस म्हणजे बँकेत लेखी तक्रार केल्यापासून, तेवढ्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर जायचं, माहितीसाठी 14448 ला फोन करायचा. आणि बँकेचा कस्टमर केअर नंबर कधीच गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला असतो. रिफंड देतो म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा, आणि टाकून बसला असाल तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.